थोरलीचं लग्न ९४ च्या आधी झालं म्हणून तिला वाटा नाही? चुकीचं आहे हे

गावाकडं हिंदू घरात जमीन वाटणीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, थोरलीचं लग्न १९९४ च्या आधी झालंय तिला काही मिळत नाही, धाकटीलाच मिळतं, आणि मग दोघी बहिणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आता हे अगदीच हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. लोक तिथंच अडकलेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अटच नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने क्लिअर केलं की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क आहेच. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर रजिस्टर किंवा कोर्टातून वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही.

आणि सातबाऱ्यावर धाकटीचं एकटीचं नाव चढलं म्हणून ती एकटी मालक होत नाही, फेरफार महसुलापुरता असतो. थोरलीने साध्या कागदावर सही केली म्हणूनही हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र रजिस्टर लागतं (हे सांगायला भाऊ लोक बरोबर विसरतात).