साप पळवायचं औषध आमच्याकडे मिळत नाही

मिरगाचा पहिला पाऊस पडला की दुकानात रोज कोणी ना कोणी येऊन विचारतंच, "काय भाऊ, साप पयाडानं औषध शे का तुमनाकडे?" नाही हो, नाही ठेवत आम्ही. आमचं काम जाळीचं, दाराखालच्या पट्ट्यांचं, चेंबरच्या झाकणांचं आणि थोडंफार फॅब्रिकेशनचं. पण गिऱ्हाईक सापाला घाबरूनच आलेलं असतं आणि काउंटरवर गर्दीत धड बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक छापलंय. घरी नेऊन निवांत वाचा आणि शेजारच्यांनाही द्या.

आधी औषधाचं बघू. फिनेल, डांबरगोळ्या, गंधक, लसणाचं पाणी, कार्बोलिक अ‍ॅसिड, प्लगमधे लावायचं आवाजाचं मशीन, यातल्या कशानेही साप घरात यायचा थांबतो असं नाही. फिनेलच्या वासाने तोंड फिरवलं तरी तो दोन फुटावरून वळसा घालून आत येतो, आणि पावसात वास किती टिकणार ते तुम्हीच सांगा. कार्बोलिकने तर माणसाची कातडी जळते, लहान पोरं आणि जनावरं असलेल्या घरात ते नकोच. ज्याचा उपयोग नाही त्याचे पैसे घ्यायचे आणि तुम्ही औषध टाकलंय म्हणून बिनधास्त दार उघडं ठेवून झोपायचं, हे आम्हाला पटत नाही.

येतो कशाला मग?

तुमच्यासाठी नाही येत. उंदरासाठी येतो, बेडकासाठी, पालीसाठी, कोंबडीच्या अंड्यासाठी येतो, नाहीतर गारव्याला येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा त्यालाही सावली आणि ओल लागते, आणि ती कुठं सापडते, तर मोरीत, माठाच्या तिवईखाली आणि कूलरच्या मागे. जूनमधे पावसाचं पाणी बिळात शिरलं की कोरडी जागा शोधत तो परत घराकडेच येतो, आणि याच दिवसात नागाची वगैरे अंडी फुटून बोटापेक्षा बारीक पिल्लं फिरायला लागतात. पिल्लू आहे म्हणून हातात घेऊ नका, विषारी सापाचं पिल्लू जन्मापासून विषारीच असतं.

खान्देशातल्या घरांचं एक आहे. कपाशी उपटली की पऱ्हाटी आणून घराच्या भिंतीलाच रचायची आणि वर्षभर चुलीला वापरायची. त्या ढिगात उंदीर बिळं करतात, पिल्लं घालतात, मग साप तिथेच मुक्काम करतो आणि अधूनमधून घरात चक्कर मारतो. पऱ्हाटी ठेवू नका असं नाही म्हणत, सरपण तर लागतंच, पण भिंतीपासून लांब रचा, खाली विटा लावून फूटभर उंच करा आणि काढताना आधी काठीने ढोसा, मगच हात घाला. ठिबकच्या नळ्यांची बंडलं ओट्यावर टाकून ठेवता, त्याचंही तेच. कडबा, गोवऱ्या, फरशीचे उरलेले तुकडे, जुनं शहाबाद, जे काही भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं पडलंय ते सगळं यातच आलं. हे सगळं फुकटचं काम आहे, आमच्याकडून एक रुपयाचीही वस्तू न घेता होतं, आणि खरं सांगायचं तर निम्मा फरक यानेच पडतो.

दाराखालची फट

आता आमच्या धंद्याचं. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, घासायला लागतं, मग सुतार बोलवून तुम्ही खालून रंधा मारून घेता. पुढच्या उन्हाळ्यात तेच लाकूड आकसतं आणि खाली बोटभर फट पडते, त्यात उंबरा काढून टाईल्स बसवलेल्या असल्या की विचारूच नका. जुन्या लोकांनी उंच उंबरे केले ते उगाच नव्हते. आपल्याला वाटतं एवढ्याशा फटीतून काय येणार, पण साधं बॉलपेन जिथून आडवं सरकतं तिथून कवड्या नावाचा बारीक साप आरामात आत येतो, आणि मण्यारीचं पिल्लूसुद्धा.

घरी बघायचं असेल तर रात्री आतला लाईट लावा, बाहेरचा बंद करा आणि अंगणात उकिडवं बसून दाराकडे बघा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून रस्ता आहे. बहुतेक घरांत मधे ठीक असतं आणि बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात उजेड जास्त दिसतो, कारण दार त्या बाजूला उचललेलं असतं. पट्टी लावताना तोच कोपरा राहतो, मिस्त्री सरळ माप घेऊन कापतो आणि निघून जातो. आम्ही तिथे पट्टी तिरकी कापतो, थोडा वेळ जातो पण काम पक्कं होतं. रबराची पट्टी स्वस्त पडते पण आपल्या उन्हात एकदोन वर्षांत तडकते, ब्रशची पट्टी महाग आहे पण टिकते, अंगणाकडच्या दाराला ब्रशचीच घ्या असा आमचा आग्रह राहील.

बाकी जागा पटापट सांगतो. मोरीच्या नाहणी ट्रॅपला जाळी आणि झाकण, शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाईपला वरून जाळीची टोपी, भिंतीतून बाहेर निघणाऱ्या पाईपभोवतीचं भोक सिमेंटने बुजवायचं, चेंबरचं फुटकं झाकण बदलायचं. खिडकीत कूलर बसवलाय तिथे चौकट आणि कूलर यांच्यात जी जागा राहते ती लोक पुठ्ठा खोचून बंद करतात, तो पुठ्ठा ओला होऊन खाली लोंबतो, तिथे पत्र्याची पट्टी मारून घ्या. जाळीचं भोक पाव इंचापेक्षा मोठं नको. चिकनमेश, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, यासाठी चालत नाही. आणि शेताला लावतात ती नायलॉनची जाळी कृपा करून कुंपणाला सापासाठी म्हणून लावू नका, त्यात साप अडकतो, कापला जातो, दोनदोन दिवस तडफडतो, आणि तो सोडवायला गेलेल्यालाच चावतो. मागितली तरी आम्ही त्या कामाला ती देणार नाही.

भीती कोणाची धरायची

सापाची भीती वाटते यात लाजायचं काहीच नाही. एकदा स्वयंपाकघरात धामण निघाली की त्या घरातली माणसं पुढे महिनाभर लाईट चालू ठेवून झोपतात, रात्री पोराला एकट्याला बाथरूमला पाठवत नाहीत, हे आम्ही घरोघरी ऐकतो. पण बऱ्याचदा भीती चुकीच्या सापाची असते. भारतात सापाच्या 300 च्या वर जाती आहेत, त्यातल्या बहुतेक बिनविषारी. ती धामण उंदीर खाऊन तुमचंच धान्य वाचवत होती. तिच्या शेपटीत विष नसतं, नागाशी तिचं लग्नही लागत नाही. साप डूख धरत नाही, मारलेल्याची जोडीदारीण बदला घ्यायला येत नाही. दुसरा साप आला असेल तर पहिला ज्या फटीतून आला त्याच फटीतून आला असं समजा.

जीव घेणारे मुख्य चार. नाग सगळ्यांना माहितीये. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते, पाचोळ्यात पडून राहते आणि दिसत नाही. फुरसं छोटं, मातकट, सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यात आणि माळावर सापडतं, अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर करतं. केळीच्या बागेत किंवा कपाशीत काम करणाऱ्यांनी बूट घालून, काठी आपटत जावं. रात्रीची लाईट असते म्हणून मोटर चालू करायला वावरात जाता तेव्हा बॅटरी पायाजवळ मारत चाला, मोबाईलचा उजेड तेवढा पुरत नाही.

चौथी मण्यार, आणि घरात झोपलेल्या माणसाला भीती धरायची तर हिचीच धरा. काळीनिळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने. दिवसा लाजाळू आणि सुस्त, रात्री फिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरते, माणूस कूस बदलतो, ती चावते, आणि बऱ्याचदा दुखतच नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस उठतो, घरचे ओवा देतात, सोडा देतात, रात्रीच्या जेवणाला दोष देतात, मग पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, गिळता येत नाही, पुढे श्वास बंद पडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस सकाळी पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन उठलं तर साप कोणी बघितला नसला तरी सरळ दवाखान्यात न्या.

यावर उपाय आमच्या पट्टीपेक्षाही स्वस्त आहे. खाली झोपू नका. खाट, पलंग, बाज काहीही चालेल, भिंतीपासून थोडी लांब, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. लग्नसराईत पाहुणे आले, कानबाईच्या सणाला भाऊबंद जमले की ओट्यावर, हॉलमधे खालीच गाद्या पडतात, तेव्हा हे खास ध्यानात ठेवा.

कवड्या मण्यारीसारखाच दिसतो आणि घरात सगळ्यात जास्त तोच निघतो, पालींच्या मागे भिंतीवर चढतो, त्याच्यात विष नाही. त्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचं उलटं. पण घाबरलेल्या माणसाला रात्री हे कुठून दिसणार, तेव्हा शंका असेल तर मण्यारच समजा.

घरात निघालाच तर

सहासात फूट लांब राहा, पोरं आणि कुत्रं बाहेर काढा, एका माणसाने फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने फोन करायचा. मधल्या खोलीचं दार लावून खाली टॉवेल कोंबा. वनविभागाचा नंबर 1926, गावातल्या सर्पमित्राचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. फिनेल, गरम पाणी, रॉकेल अंगावर टाकू नका, तो बिथरतो आणि कपाटामागे घुसतो, मग दिवसभर कपाटं हलवा. मारणं, पकडणं, पाळणं, तिन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सर्पमित्र आला तर त्याच्या पेट्रोलचे पैसे द्या, चहा पाजा, पण अंगणात गळ्यात साप घेऊन शो करायला लागला तर तिथेच थांबवा, फोटो काढणाऱ्या पोरांना आत घ्या.

चावला तर

इथे कोणाच्या श्रद्धेला बोलायचं नाही. नागपंचमीला भिलटदेवाच्या दर्शनाला मध्य प्रदेशातल्या नागलवाडीला आपल्याकडून गाड्या भरून जातात, आम्हीही जातो. पण साप चावल्यावर आधी दवाखाना, नवस नंतर फेडता येतो. 2020 ला आलेल्या एका मोठ्या अभ्यासात 2000 ते 2019 या काळात देशात साप चावून अंदाजे 12 लाख माणसं गेल्याचं निघालं, त्यातली बरीच दवाखान्यात पोचलीच नव्हती.

माणसाला चालवू नका, बसवून किंवा झोपवून ठेवा. अंगठी, जोडवी, बांगड्या, कडं लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हात किंवा पाय फ्रॅक्चरला बांधतात तसा फळी लावून सैल बांधा. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ नाही, दारू नाही. 108 लावा, उशीर होत असेल तर मोटरसायकलवर पुढे एक मागे एक आणि मधे पेशंट असं बसवून निघा. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. साप मारून पिशवीत नेऊ नका, डॉक्टर लक्षणं बघून आणि रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवून गोठतं का ते बघून ठरवतात, आणि मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं. चावल्यावर द्यायची विषावरची लस एकच, ती या चारही सापांवर चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लहान पोराला पण मोठ्या माणसाएवढाच डोस देतात, त्यावरून डॉक्टरशी भांडत बसू नका, विष पोराच्या वयाप्रमाणे कमी गेलेलं नसतं.

आमच्याकडून

माप घ्यायला आम्ही घरी येतो, त्याचे पैसे नाहीत, काम नाही दिलं तरी चालेल. जूननंतर गर्दी होते, त्यामुळे आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपासच सांगितलं तर लवकर नंबर लागतो. यायच्या आधी दारामागची चप्पलस्टँड, पोती, डबे बाजूला करून ठेवा, आणि दाराला नुकतंच पॉलिश किंवा कलर केला असेल तर फोनवरच सांगा, तो पक्का वाळल्याशिवाय पट्टी धरत नाही.