प्रेस्टीज क्लासचा उंबरठा

मुंबईत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत कॅरेक्टरच्या भूमिका वठवायचा खेळ खेळणारी बहुतेक मंडळी आज पाचव्या आवृत्तीने सुरुवात करतात. त्यात प्रत्येक कॅरेक्टरचा एक क्लास, म्हणजे पेशा, असतो आणि तिसऱ्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे प्रगतीची पायरी) त्याची एक शाखा, सबक्लास, हातात पडते. खेळात मुरलेल्यांना पुढे आणखी काही हवं असतं. मग गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, स्वतःचा अ‍ॅडव्हान्स्ड क्लास (अटी पुऱ्या केल्यावरच मिळणारा पुढचा क्लास) रचायला घेतो आणि पहिल्याच ओळीवर अडतो: यात शिरण्याचा हक्क कोणाला? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली गेली, आणि प्रत्येकाचे परिणाम आजच्या टेबलावर दिसतात.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हा क्लास तीनच होते: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र वापरणारा. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत पॅलडिन, म्हणजे धर्मयोद्धा, आला. त्याची अट होती करिष्मा या गुणाचा आकडा किमान १७. तीन फासे टाकून १७ किंवा १८ पडण्याच्या शक्यता २१६ पैकी ४, म्हणजे ५४ पैकी १. उत्तम क्लासची किंमत नशिबावर सोडलेली होती. यातला दोष उघड आहे: ज्याचे फासे आधीच चांगले पडले, त्यालाच क्लासही चांगला मिळतो.

१९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधल्या बार्डने, म्हणजे जादू जाणणाऱ्या गायक-कवीने, दुसरा मार्ग दाखवला. आधी योद्धा म्हणून किमान पाचवी लेव्हल गाठायची, आठवीच्या आत ते सोडून चोर व्हायचं, तिथेही पाचवी ते नववीच्या दरम्यान थांबायचं, मग ड्रुइडांकडे (निसर्गपूजक पुजाऱ्यांकडे) शिकून बार्ड. मोठ्या गुणांकांच्या अटी होत्याच, पण खरी किंमत वेळेची होती. कल्पना देखणी, मात्र आठवड्याला एक बैठक असणाऱ्या गटात त्या टप्प्यावर फार थोडे पोचत.

याच खेळाच्या १९८४ च्या कंपॅनियन सेटमधलं उत्तर मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. नवव्या लेव्हलच्या योद्ध्याने धर्मपीठाशी निष्ठेची शपथ घेतली की तो पॅलडिन होतो, राजाशी घेतली की नाइट. अट गोष्टीच्या आतली आहे. शपथ देणारा कोण, ती मोडली तर काय, हे टेबलावर खेळता येतं. इंग्लंडमध्ये १९८६ च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ने व्यवसायांची साखळी केली: मूळ व्यवसाय पूर्ण करायचा, मग तिथून निघणाऱ्या वाटांपैकी एकीने पुढच्या व्यवसायात जायचं.

अशा अटींच्या क्लासला ‘प्रेस्टीज क्लास’ हे नाव रूढ झालं ते २००० च्या तिसऱ्या आवृत्तीमुळे. ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये असे सहा क्लास होते. ते मास्टरच्या पुस्तकात ठेवले, कारण हे क्लास ऐच्छिक होते आणि मास्टरने ते आपल्या जगातल्या संघटनांसाठी घडवावेत अशी अपेक्षा होती. पण अटी आकड्यांत होत्या. क्लासच्या स्वतःच्या स्किलमध्ये (कौशल्यात) रँकची, म्हणजे त्यातल्या गुणांची, मर्यादा लेव्हल अधिक ३, त्यामुळे ‘८ रँक’ लिहिलं की दार आपोआप पाचव्या लेव्हलनंतर उघडतं. खेळाडूंनी हे गणित उलटं सोडवायला वेळ लावला नाही. पहिल्या लेव्हलपासूनच फीट (निवडायच्या खास क्षमता) आणि रँक ठरवून कॅरेक्टर बांधलं जाऊ लागलं. शिवाय दरवर्षी नव्या पुस्तकांतून नवे क्लास येत राहिले आणि जगाशी असलेला धागा सुटला.

गणितातही दोन भोकं होती. चांगला सेव्ह, म्हणजे संकटातून वाचण्याच्या चाचणीतली भर, प्रत्येक क्लासच्या पहिल्या लेव्हलला +२ ने सुरू होतो आणि तो साठत जातो: तीन क्लासची एकेक लेव्हल घेतली तर +६, एकाच क्लासच्या तीन घेतल्या तर +३. दुसरं भोक सॉर्सररचं, म्हणजे जन्मजात जादू असलेल्या क्लासचं. त्याच्याकडे मंत्र आणि फॅमिलियर (जादूचा सोबती प्राणी) याखेरीज सोडण्यासारखं काही नाही. त्यामुळे मंत्रांची पूर्ण वाढ देणारा कोणताही प्रेस्टीज क्लास त्याला जवळपास फुकट पडतो. याउलट मिस्टिक थिअर्ज पाहा: तीन लेव्हल विझर्ड (अभ्यासाने शिकलेला जादूगार), तीन क्लेरिक, मग दोन्ही जादू एकत्र वाढतात, पण साध्या विझर्डच्या मागे तीन लेव्हल राहणं कायमचं. किंमत उंबरठ्यावर चुकवून विसरता येत नाही, ती रोज जाणवते.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने अकराव्या लेव्हलला पॅरागॉन पाथ, म्हणजे क्लासची पुढची खास वाट, सर्वांना देऊन टाकला. पाचव्या आवृत्तीत सबक्लास आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये रून स्क्राइब हा पाच लेव्हलचा प्रेस्टीज क्लास चाचणीसाठी मांडला गेला. त्यात आकड्यांच्या अटींबरोबर एक कामगिरी पूर्ण करण्याची अट होती, म्हणजे १९८४ चीच दिशा.

मुंबईच्या टेबलासाठी ‘तांडेल’ (होडीचा प्रमुख) हा क्लास तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित, ३.५ च्या नियमांत रचायचा आहे असं धरू. पहिला विचार ‘प्रोफेशन (खलाशी) ८ रँक’ असा येतो, आणि तिथेच चूक होते. प्रोफेशन, म्हणजे व्यवसायाचं कौशल्य, हे फायटरचं (योद्ध्याचं) क्लास-स्किल नाही. त्याची मर्यादा निम्मी, त्यामुळे ८ रँकना तेरावी लेव्हल लागते. दर्यावर वाढलेला दणकट फायटर बाहेरच राहतो. त्याऐवजी पोहणं ८ रँक आणि खलाशी ४ रँक ठेवा: फायटरला दोन्ही पाचव्या लेव्हलला जमतात, रानातला योद्धा रेंजर आणि चोराचा क्लास रोग यांनाही. तिसरी अट खेळून पुरी करायची: स्वतः सुकाणू धरून वादळातून सगळ्या खलाशांसह होडी बंदरात आणलेली असावी.

चांगला सेव्ह फक्त रिफ्लेक्स, म्हणजे चपळाईचा, द्या. फोर्टिट्यूडही (काटकपणाचा) दिला तर सहाव्या लेव्हलला फायटर-तांडेलाचा +६ होतो, निव्वळ फायटरचा +५ असताना. पहिल्या लेव्हलला वारा आणि भरती-ओहोटी ओळखणं एवढंच ठेवा. वजनदार क्षमता तिथे दिली तर लोक एक लेव्हल घेऊन निघून जातात. तिसऱ्या लेव्हलला हुकूम: दिवसातून एकदा ३० फुटांतल्या सोबत्याला फसलेली चाचणी पुन्हा करू द्यायची. ही क्षमता जमिनीवरही चालायला हवी, कारण मोहीम कधीतरी घाटावर जाणारच, आणि डेकपुरती बांधलेली क्षमता तिथे कॅरेक्टरच्या शीटवर नुसती पडून राहते.

वेळेचा हिशोबही आधीच करावा. तीन बैठकांना एक लेव्हल धरली, तर सहाव्या लेव्हलला पोचायला १५ बैठका. विरार आणि कल्याणहून येणाऱ्यांना महिन्याला दोनच रविवार जमत असतील, तर साडेसात महिने. अशा गटात उंबरठा चौथ्या लेव्हलनंतर आणावा. पोहणं ७ रँक केलं की तो तिथे येतो, मात्र खलाशीचे रँक ३ करायला विसरू नये, नाहीतर फायटर पुन्हा एक लेव्हल मागे अडकतो.