स्लॉट कार आणि चुंबकाचा वाद : एक पार्श्वभूमी

स्लॉट कार म्हणजे रस्त्यातील खाचेत (स्लॉटमध्ये) अडकून विजेवर धावणारी खेळण्यातील मोटार. ती रस्त्यावर टिकवण्यासाठी चुंबकाची ओढ वापरावी की नाही, हा या छंदातील जुना वाद आहे. स्लॉट कारचा इतिहास सांगताना बहुतेक जण अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९१२ मध्ये बाजारात आणलेल्या विजेच्या खेळण्यातील मोटारींपासून सुरुवात करतात. या मोटारी आगगाडीच्या खेळण्यासारख्या रुळातून वीज घेत असत आणि १९१५ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबले. आज या छंदात जे केले जाते, त्याचे मूळ मात्र १९५० च्या दशकातील इंग्लंडमध्ये आहे. तेथील मॉडेल बनवणाऱ्या हौशी मंडळींनी आधी रस्त्यावर उंच पट्टी बसवून गाड्या पळवल्या आणि नंतर पट्टीऐवजी खाच स्वीकारली. खाचेमुळे रस्ता खऱ्या रस्त्यासारखा दिसू लागला. शिवाय गाडी फक्त पुढच्या टोकाच्या गाईडवर, म्हणजे खाचेत बसणाऱ्या खुंटीवर, अडकलेली असल्याने वळणावर तिचा मागचा भाग मोकळेपणाने बाहेर सरकू लागला. पुढचा सारा वाद या मोकळ्या मागच्या भागाभोवतीच फिरतो.

१९५७ च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक ही इंग्लंडमधील स्लॉट कार लोकांसमोर आली. तिच्या निर्मात्याने आपल्या चावीच्या पत्र्याच्या गाड्यांमध्ये विजेची मोटार बसवली होती आणि रस्ता रबराचा केला होता. सुरुवातीच्या संचात वेग कमीजास्त करण्याची सोय नव्हती. बटण दाबले की गाडी धावे, सोडले की थांबे. पुढच्याच वर्षी हा व्यवसाय ट्राय-अँग खेळण्यांच्या मोठ्या कंपनीकडे गेला, १९६० पासून गाड्यांची शरीरे प्लास्टिकची झाली आणि १:३२ हे प्रमाण (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाचा आकार) युरोपात रूढ झाले.

अमेरिकेत याच काळात छंदाने वेगळे वळण घेतले. १९६० च्या दशकाच्या मध्यात शहरोशहरी भाड्याने खेळायच्या मोठ्या ट्रॅकची केंद्रे निघाली आणि तेथे १:२४ प्रमाणाच्या गाड्या धावू लागल्या. ट्यूनिंग ही स्वतंत्र विद्या म्हणून येथेच आकाराला आली. हौशी मंडळी आर्मेचरवरची (मोटारीच्या फिरत्या भागावरची) तार उलगडून जाड तारेचे कमी वेढे देत. पितळी नळ्या आणि पोलादी तारेला डाग देऊन ते चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घडवत आणि मोटार आसाला तिरपी बसवून मोठ्या गिअरसाठी जागा काढत. हे सर्व त्यांनी दोन-तीन वर्षांत शोधून काढले. दशक संपता संपता ही लाट ओसरली, बहुतेक केंद्रे बंद पडली आणि कारखान्यांकडे न विकलेला माल पडून राहिला. आजच्या संग्राहकांना मिळणारे जुने, न उघडलेले सुटे भाग पुष्कळदा याच शिल्लक मालातून आलेले असतात. या केंद्रांवरील ट्रॅकमध्ये वीज तांब्याच्या विणलेल्या पट्टीतून येई. तांबे चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे गाडी रस्त्यावर टिकवण्याचे काम वजन, टायर आणि चॅसीची लवचिकता यांनाच करावे लागे.

घरगुती प्लास्टिकच्या ट्रॅकवर मात्र विजेच्या पट्ट्या बहुधा लोखंडी असत, आणि पकडीसाठी चुंबक वापरण्याचा पुढचा निर्णय त्यातूनच शक्य झाला. अरोरा कंपनीने १९६० मध्ये आणलेल्या चिमुकल्या गाड्या प्रथम कंपनावर चालत. १९६३ मध्ये त्यांच्या जागी थंडरजेट आली. तिच्यात चपटे आर्मेचर आडवे बसवलेले होते आणि वरच्या गिअर-पट्टीतून गती मागच्या आसाकडे जाई. ही गाडी दुरुस्त करायला अतिशय सोयीची होती. स्प्रिंगची पकड काढली की आर्मेचर, चुंबक आणि ब्रश (आर्मेचरला वीज पोहोचवणारे घासते तुकडे) हातात येत आणि डाग देण्याची गरज पडत नसे. दोन्ही चुंबकांची ताकद जुळवणे, ब्रशच्या स्प्रिंगचा ताण मोजून ठेवणे आणि तेलाचा एखादाच थेंब योग्य जागी देणे, एवढ्यातच तिचे बरेचसे ट्यूनिंग येते. ती वळणावर घसरे आणि चालवणाऱ्याला कंट्रोलरवरचा अंगठा सैल करायला शिकावे लागे.

१९७० च्या दशकाच्या मध्यात अरोराने ए.एफ.एक्स. गाड्यांमध्ये मॅग्ना-ट्रॅक्शन आणले. मोटारीचेच चुंबक उंच करून त्यांचा खालचा भाग चॅसीच्या तळाशी, लोखंडी पट्ट्यांच्या अगदी जवळ आणला गेला. मोटार चालवणारे चुंबक आता गाडीला रस्त्याकडे ओढूही लागले. कल्पना चतुर होती आणि व्यापाराच्या दृष्टीने बिनचूक होती, कारण लहान मुलाच्या हातातील गाडी आता दर वळणावर उडून सोफ्याखाली जात नव्हती. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांमध्ये चढाओढ लागली. टायकोने वेगळी, फक्त पकडीसाठीची चुंबके बसवली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्केलेक्स्ट्रिकनेही १:३२ गाड्यांच्या तळाशी चुंबक दिले आणि पुढे निओडिमियमसारखी फार ताकदवान चुंबके सहज मिळू लागली. छोट्या प्रमाणाच्या काही गाड्या तर अशा झाल्या की पुष्कळशा वळणांवर वेग कमी करण्याची गरजच उरली नाही.

चुंबक बसवण्याच्या या निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे : नवशिक्याला आनंद मिळतो, छोट्या घरगुती ट्रॅकवर वेगवान शर्यत होऊ शकते आणि ताकदवान चुंबकांची गाडी जुळवणे हेही एक कौशल्य आहे. चुंबक आणि पट्टी यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या अंशाने कमी केले तरी ओढ बरीच वाढते, त्यामुळे टायरचा व्यास नेमका घासणे ही तेथे खरोखर कसोटीची गोष्ट ठरते. विरोधकांचा आक्षेप याहून खोलवर जातो, आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. चुंबकाची ओढ गाडीचे सर्व दोष झाकून टाकते. आस वाकडा असो, चाक डुगडुगत असो की टायर ओबडधोबड असो, गाडी धावतच राहते. मागचा भाग हळूहळू सरकून चालवणाऱ्याला इशारा देण्याऐवजी गाडी मर्यादेपर्यंत चिकटून राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम उडते. शिवाय ही ओढ सतत असल्याने मोटारीवर अधिक भार पडतो, ती तापते आणि ब्रश लवकर झिजतात.

आज युरोपातील १:३२ च्या बहुतेक गंभीर स्पर्धा चुंबकाविना होतात आणि त्यामागे १९९० च्या दशकापासून पुढे आलेल्या स्पॅनिश व इटालियन उत्पादकांचा मोठा हात आहे. स्पेनमध्ये स्केलेक्स्ट्रिक १९६२ पासून बार्सिलोनाच्या एका कारखान्यात परवान्याने बनत होती आणि तेथे ती इतकी घरोघरी पोहोचली होती की माद्रिदमधील आतोचा येथील उड्डाणपुलांच्या गुंत्यालाही लोक तेच नाव देत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा कारखाना अडचणीत आला. त्या काळात निन्को, फ्लाय यांसारखी नवी नावे पुढे आली. फ्लायच्या गाड्यांवरील बारकावे, आतील आसनांपासून जाहिरातींच्या अक्षरांपर्यंत, आधीच्या गाड्यांमध्ये क्वचितच दिसत. इटलीतील स्लॉट डॉट इट आणि एन.एस.आर. यांनी तर गाडी सुट्या भागांचा संच म्हणूनच विकली. मोटार बसवायची बैठक वेगळी निघते, गिअर दातांच्या संख्येप्रमाणे मिळतात आणि चुंबक एक स्क्रू काढून बाहेर ठेवता येते. चुंबक काढल्यावर जे करावे लागते, ते म्हणजे १९६० च्या दशकातील विद्येचे पुनरुज्जीवन आहे. आसाच्या पुढे-मागे शिशाचे तुकडे चिकटवून तोल साधायचा, टायर रिमला डिंकाने पक्का करून फिरत्या सॅंडपेपरवर गोल घासायचा, गाईडखालच्या, वीज घेणाऱ्या तांब्याच्या वेण्या पट्टीवर सपाट बसवायच्या आणि शरीराचे स्क्रू अर्धा फेरा सैल ठेवून कंपने शोषून घ्यायची. एवढे केल्यावर गाडी चुंबकाविना शांत धावते.

संग्रह आणि दुरुस्तीच्या बाबतीतही हा प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. १९६० च्या दशकातील उघड्या चौकटीच्या अनेक मोटारींत अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्टच्या मिश्रधातूची) चुंबके होती. त्यातून आर्मेचर बाहेर काढले आणि त्याच्या जागी लोखंडाचा तुकडा ठेवला नाही, तर चुंबकाची ताकद घटते. म्हणून अनुभवी दुरुस्तीकार अशी मोटार शक्यतो उघडत नाहीत, उघडली तर चुंबके पुन्हा चुंबकित करून घेतात. थंडरजेटमध्ये हल्लीची ताकदवान चुंबके बसवली की ती पळते छान, पण मग तिला मूळ गाडी म्हणायचे का, यावर एकमत नाही. माझ्या मते काढलेला मूळ भाग पाकिटात जपून गाडीसोबत ठेवला, तर दोन्ही बाजूंचे समाधान होते. टायरबाबतचा धोका वेगळा आहे. जुन्या रबरातील मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने झिरपते आणि ज्या प्लास्टिकला टायर टेकतो ते वितळवते. त्यामुळे बुगाटी टाइप ५९ किंवा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील जेम्स बाँड संचातील अॅस्टन मार्टिन यांसारख्या दुर्मीळ गाड्यांचे मूळ टायर वेगळे काढून ठेवावेत. स्पेनमधील माल घेताना नावांचीही गल्लत होते, कारण तेथे स्केलेक्स्ट्रिक हे नाव स्पॅनिश उत्पादकाकडे राहिले, त्याच्या गाड्या परदेशात एस.सी.एक्स. म्हणून गेल्या आणि इंग्लंडच्या गाड्या स्पेनमध्ये सुपरस्लॉट म्हणून विकल्या गेल्या.

२००४ मध्ये डिजिटल पद्धती आल्या आणि एकाच खाचेत अनेक गाड्या चालवून मार्गिका बदलणे शक्य झाले. पट्टीवर आता सतत वीज असते आणि गाडीतील चिप आपल्यापुरता संकेत ओळखते. त्यामुळे वेणी मळली की पूर्वी फक्त वेग अडखळे, आता संकेतही तुटतो आणि पट्ट्या पुसणे हे दर बैठकीपूर्वीचे काम झाले आहे. जुन्या गाडीत चिप बसवायची तर मोटारीजवळ जागा काढावी लागते, आणि ती जागा अनेकदा चुंबकाच्या खोबणीची असते. अलीकडे थ्री-डी छपाईने चॅसी घरीच बनवता येऊ लागल्याने बंद पडलेल्या कारखान्यांच्या गाड्यांनाही नवा तळ मिळतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी अशा छापील चॅसींसाठी वेगळे वर्ग करायचे की मूळ प्लास्टिकच्या चॅसींसोबतच त्यांना धावू द्यायचे, यावर सध्या जागोजागी वेगवेगळे नियम आहेत.