जिप्सीचा पाइप मोठा केला की ओढ का जाते?

मारुतीच्या जिप्सी या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर पावसाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास पडतो, इंजिनला काय करू म्हणजे चढाला ओढ वाढेल? उत्तरंही ठरलेली, मोठा सायलेन्सर टाक, मोकळा एअर फिल्टर टाक. मग एखादा जाणकार मध्ये पडतो की नको रे बाबा, इंजिनला बॅकप्रेशर लागतं, धुराचा पाइप मोकळा केलास तर टॉर्क, म्हणजे ओढच, जाईल. गंमत म्हणजे या माणसाचा अनुभव शंभर टक्के बरोबर आणि दिलेलं कारण साफ चूक. पाइप जाड केल्यावर खालची ओढ खरंच जाते. पण बॅकप्रेशर म्हणजे काय, तर जळालेला गॅस बाहेर पडताना होणारा अडथळा, आणि अडथळा झाल्याने कुठल्याच इंजिनाचं भलं होत नाही.

आधी थोडं शाळेतलं. फोर-स्ट्रोक इंजिन हवा आत घेतं, दाबतं, जाळतं, बाहेर टाकतं. पेट्रोल आत सोडणं सोपं आहे, अवघड काम हवा भरायचं. जिप्सीचं इंजिन 1298 सीसी, 3000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 1500 वेळा श्वास घेतो, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला सगळं गच्च भरलं असं धरलं तर मिनिटाला साधारण 1950 लिटर हवा, वजनात सव्वादोन किलोच्या वर, आणि पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा या हिशोबाने पेट्रोल फक्त 160 ग्रॅमच्या आसपास. सिलिंडर गच्च कधीच भरत नाही, आणि जेवढी हवा कमी तेवढा दम कमी, पेट्रोल कितीही ओता.

हे मारुतीनेच करून दाखवलंय. 1985 ला जिप्सी आली तेव्हा 970 सीसीचं इंजिन होतं, 1996 ला 1298 सीसीचं 60 बीएचपीवालं आलं, आणि 2000 साली तेवढ्याच सीसीत 8 च्या जागी 16 व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आल्यावर 80 बीएचपी. छाती तेवढीच, नाकपुड्या मोठ्या. पण एक बारीक गोष्ट बघा, त्याचा सगळ्यात जास्त, 103 एनएम टॉर्क मिळतो 4500 आरपीएमला आणि तुम्ही दगडधोंड्यांतून चढत असता तेव्हा काटा असतो 1500 ते 2500 मध्ये. म्हणजे ब्रोशरवरचा आकडा तुमच्या कामाचाच नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला गॅस नुसता वाहत बाहेर जात नाही, दाबाचा एक ठोका पाइपातून सुटतो, गरम गॅसमधल्या आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण 500 मीटर. चार सिलिंडरचे चार पाइप जिथे एकत्र येतात तिथे जागा एकदम मोठी होते, आणि जागा मोठी झाली की तो ठोका उलटा होऊन परत फिरतो, जास्त दाबाचा गेला होता तो कमी दाबाचा होऊन येतो. हा कमी दाब नेमका कधी व्हॉल्व्हपाशी पोचतो यावर सगळा खेळ. एक्झॉस्ट स्ट्रोक संपत आला की थोडा वेळ एक्झॉस्ट आणि हवा आत घेणारा इनटेक, दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. तेव्हाच हा कमी दाब येऊन पोचला तर उरलेला धूर ओढून काढतो आणि मागोमाग ताजी हवाही आत खेचतो, पिस्टन खाली जायच्या आधीच. फुकटची हवा!

समजा पाइप 75 सेंटीमीटर, जाऊन-येऊन दीड मीटर, म्हणजे 3 मिलिसेकंद. आता 1500 आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) एका मिलिसेकंदात 9 अंश फिरतो, तर 3 मिलिसेकंदात 27 अंश, 3000 ला 54 अंश आणि 6000 ला 108 अंश. ठोका तेवढ्याच वेळात परत येतो पण इंजिन प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी असतं, म्हणून एक पाइप एकाच पट्ट्यात जमतो, लांब पाइप खालच्या आरपीएमला, आखूड पाइप वरच्या. शिवाय शेजारच्या सिलिंडरचा ठोका चुकीच्या वेळी येऊन थडकला तर धूर उलटा आत शिरतो. जिप्सीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2, म्हणून हेडर (हे चार पाइप आणि त्यांचा जोड) बनवताना 1 आणि 4 एकत्र, 2 आणि 3 एकत्र, आणि मग दोन्ही मिळून एक असं करतात. जोडीतल्या ठोक्यांत क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही.

जाडीचं वेगळं गणित आहे. दीड इंची पाइप दोन इंची केला की आतलं क्षेत्रफळ जवळपास 1.8 पट होतं आणि गॅसचा वेग तेवढ्याच पटीत पडतो, 56 टक्क्यांच्या आसपास राहतो. वेगात सुटलेला गॅस जडत्वामुळे आपल्या मागे पोकळी सोडून जातो आणि ती पोकळीच पुढचा धूर ओढते. वेग मेला की ती ओढ गेली. 6000 ला गॅसच इतका असतो की जाड पाइपातही वेग टिकतो, म्हणून रेसवाल्याला तोच पाइप चालतो आणि घाटात हळू चढणाऱ्याला नाही. पाइपाचा आवाज भसाभसा झाला की ताकद वाढल्यासारखं वाटतं, पण कान हे काही डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, नाहीत. हेडर घेताना गॅरेजमध्ये तो उलटा करून आत बोट फिरवा. वेल्डिंगची धार आत आलेली असेल किंवा गॅस्केटचं भोक पाइपापेक्षा लहान असेल तर ती पायरी गॅसच्या वाटेतच बसते, आणि चकाकीचे पैसे गेलेच म्हणून समजा.

पेट्रोलच्या पाइपला लावायचे मॅग्नेटही जोरात विकले जातात, रेणू सरळ रांगेत लागतात म्हणे. पेट्रोल चुंबकाला जवळपास दाद देत नाही आणि सिलिंडरमध्ये शिरताना त्याचे थेंब आणि वाफ होते, तिथे कसली रांग. बंपरला लिंबू-मिरची बांधलीत तरी मायलेजवर तेवढाच परिणाम होईल, आणि ती स्वस्त पडते.

खरं नुकसान बहुतेकदा इंजिनात नसतंच, टायरमध्ये असतं. कंपनीच्या 205/70 आर 15 टायरचा व्यास साधारण 668 मिलिमीटर, लोक 31 इंची बसवतात, म्हणजे 787. चाक मोठं तेवढी जमिनीवरची ओढ कमी, इथेच 15 टक्के गेले आणि एवढे तर साध्या हेडरने परत येत नाहीत. त्यापेक्षा फायनल ड्राइव्हचा, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरचा, रेशो बदलणारा माणूस शहाणा, इंजिनाला हात न लावता ओढ परत येते. लो रेंज, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हच्या लिव्हरवरचा जादा ओढीचा गिअर, तीसुद्धा नेहमीच्या हाय रेंजच्या साधारण 1.6 पट ओढ देते, ती आधी वापरून बघा, कित्येक जण लिव्हरला हातच लावत नाहीत. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला काहीही लावायच्या आधी आरटीओत विचारा. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का याची तपासणी, तर करूनच घ्या. जुन्या जिप्सीत पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर जमवलेली हवा पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरते, मग कुठलाही पाइप लावा.