प्रज्ञानंदने हरवलं, पण कुठल्या घड्याळावर?

२०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप गोव्यात हडफड्याला झाला, म्हणजे सावंतवाडीहून निघालं की बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत तास-दीड तासात पोचू इतक्या जवळ. आमच्याकडे रविवारी देवळाच्या सभामंडपात पट मांडून बसणारी दहा-बारा पोरं आहेत, त्यांना तो सगळा महिना दुसरं काही सुचत नव्हतं. चौथ्या फेरीत प्रज्ञानंद टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायला खेळतात त्या छोट्या डावांत, दानिल दुबोवकडून हरला तेव्हा आम्ही सगळे एकाच मोबाईलवर डोकी घालून बघत होतो, आणि सातवीतला एक जण एकदम म्हणाला, "काका, कार्लसनाक हरवता तो दुबोवाकडे कसो हरलो?"

प्रश्न चांगला होता म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहून काढतोय. कारण "प्रज्ञानंदने कार्लसनला हरवलं" (कार्लसन म्हणजे नॉर्वेचा, अनेक वर्षं जगज्जेता असलेला) ही बातमी २०२२ पासून आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्या वेळा आली की आता ती एकच बातमी वाटायला लागलीय, आणि ती एक नाहीये. त्यातला प्रत्येक डाव वेगळ्या घड्याळावर झालाय. क्लासिकल म्हणजे चार-पाच तास चालणारा, दोन्ही बाजूंना विचार करायला भरपूर वेळ असलेला डाव. रॅपिड म्हणजे प्रत्येकाला १५ किंवा २५ मिनिटं आणि वर दर चालीला १० सेकंद. ब्लिट्झ म्हणजे तीन ते पाच मिनिटं, तिथे हात आणि डोकं एकाच वेगाने चालावं लागतं. घड्याळ लहान तेवढा मोठ्या खेळाडूकडून चुकण्याचा संभव जास्त, त्यामुळे क्लासिकलमधला विजय सगळ्यात वजनाचा. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

सुरुवात चेन्नईपासून करायला लागेल, कारण तिथला प्रज्ञानंद हवेतून आलेला नाही. भारताचा पहिला इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) मॅन्युएल एरन तिथला, १९६१ चा. त्यानेच १९७२ मध्ये तिथल्या सोव्हिएत कल्चरल सेंटरमध्ये ताल चेस क्लब सुरू केला, त्याच क्लबात लहानगा विश्वनाथन आनंद खेळायला जायचा आणि १९८८ मध्ये तो देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. मग आर. बी. रमेश, स्वतः ग्रँडमास्टर, २००२ ला ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकलेला माणूस, त्याने स्वतःचं खेळणं बाजूला ठेवून २००८ मध्ये चेस गुरुकुल काढलं. प्रज्ञानंद त्याचा शिष्य. आणि घरात पटाशी आधी बसली ती त्याची बहीण वैशाली, पोरगी टीव्हीला चिकटून असते म्हणून तिला क्लासला घातलं आणि धाकटा भाऊ तिच्या मागून आला. वैशाली पुढे २०२३ च्या डिसेंबरात ग्रँडमास्टर झाली आणि जगातली पहिली बहीण-भाऊ ग्रँडमास्टर जोडी झाली, हे लोक पटकन विसरतात.

वडील बँकेत नोकरीला, त्यांना पोलिओ झालेला, त्यामुळे देशोदेशीच्या स्पर्धांना सोबत जायची ती आई. नागलक्ष्मीताई परदेशात जाताना भाताचा कुकर बरोबर नेतात आणि मुलांना रसम-भात करून घालतात हे आता सगळ्यांना माहितीय, पण मला ती गोष्ट दर वेळी नव्याने भिडते. पोर परीक्षेला मुंबईला निघालं की पिशवीत उकडे तांदूळ आणि आमसुलं भरून देणारी आई आपल्याकडे घरोघर आहे, म्हणून तो कुकर काय असतो ते आपल्याला वेगळं सांगायला लागत नाही.

२०१३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. कार्लसनने चेन्नईत येऊन, आनंदच्या स्वतःच्या गावात, त्याचं विश्वविजेतेपद घेतलं. त्याच वर्षी त्याच गावातला छोटा प्रज्ञानंद आठ वर्षांखालच्या गटात जगज्जेता झाला. २०१६ ला तो दहाव्या वर्षी इंटरनॅशनल मास्टर झाला, तोपर्यंतचा जगातला सगळ्यात लहान, आणि त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या स्पर्धेत त्याने काळ्या मोहऱ्यांनी पराग्वेच्या अ‍ॅक्सेल बाखमन या कसलेल्या ग्रँडमास्टरला अवघ्या १८ चालींत संपवलं. तो डाव मी पोरांना अजून दाखवतो. २३ जून २०१८ ला इटलीत ग्रँडमास्टर, वय १२ वर्षं १० महिने १३ दिवस, तेव्हा त्याच्यापेक्षा लहान वयात फक्त कार्याकिन झालेला.

आणि खरं "मोठ्यांशी" खातं उघडलं ते त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात, स्पेनमधल्या लिओनला. समोर वेस्ली सो, जगातल्या पहिल्या दहातला. चार रॅपिड डावांची मॅच होती, पहिलाच डाव बारा वर्षांच्या पोराने जिंकला. मॅच शेवटी वेस्लीने घेतली, पण पोरगा घाबरत नाही हे तिथे सगळ्यांनी बघितलं.

पुढच्या वर्षी म्हणजे २०१९ ला मुंबईत पवईला जागतिक युवा स्पर्धा झाली, तिथे १४ वर्षांचा असताना १८ वर्षांखालचा गट त्याने जिंकला. स्वतःपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलांमध्ये.

मग लॉकडाऊन. इथे मला जरा थांबायचंय, कारण लोक म्हणतात कोरोनात खेळ बंद पडला आणि बुद्धिबळाच्या बाबतीत झालं उलटं. स्पर्धा ऑनलाइन गेल्या, आणि ज्या खेळाडूंसमोर बसायला एरवी आमंत्रणाची वाट बघत वर्षं गेली असती ते आता घरात बसून समोर मिळायला लागले. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याने पोल्गार चॅलेंज ही तरुण मुलांची स्पर्धा जिंकली, त्याचं बक्षीस म्हणून मोठ्यांच्या ऑनलाइन स्पर्धेत जागा मिळाली, आणि तिथे त्याने रादजाबोव, दुदा, कार्याकिन यांना हरवलं आणि कार्लसनशी बरोबरी केली. एकूण दहावा आला. आपल्याकडे त्याची बातमीही झाली नाही, पण माझ्या मते पुढच्या सगळ्याचं मूळ त्या आठवड्यात आहे. आमच्या गावात तेव्हा शाळेच्या नावाने घराघरात मोबाईल आला होता, रेंज मिळायची ती सड्यावर नाहीतर एसटी स्टँडच्या मागे, पण तिथे जाऊन पोरं ऑनलाइन डाव बघायला लागली ती तेव्हापासूनच.

२०२२ चा फेब्रुवारी, एअरथिंग्ज मास्टर्स, ऑनलाइन रॅपिड, १५ मिनिटं आणि १० सेकंद. काळ्या मोहऱ्या, ३९ चाली, कार्लसनने हार मानली. इथे रात्रीचे अडीच वाजायला आले होते. १६ वर्षांचा मुलगा जगज्जेत्याला हरवतो आणि विचारल्यावर सांगतो की आता झोपायचंय. आनंद आणि हरिकृष्णानंतर कार्लसनला हरवणारा तो तिसरा भारतीय. पण हेही खरं की कार्लसनकडून त्या डावात मोठी चूक झाली होती आणि त्या स्पर्धेत प्रज्ञानंद बाद फेरीत पोचलासुद्धा नाही.

मे महिन्यात परत. चेसेबल मास्टर्समध्ये बरोबरीकडे चाललेल्या डावात कार्लसनने ४० व्या चालीला घोड्याची घोडचूक केली आणि डाव गेला. पुढे सेमीफायनलला अनिश गिरीला हरवून हा फायनलला गेला, आणि मध्ये त्याची अकरावीची परीक्षा चालू होती, रात्री दोनपर्यंत डाव आणि सकाळी पावणेनऊला पेपर. फायनल चीनच्या डिंग लिरेनकडे गेली, तीही टायब्रेकमध्ये.

ऑगस्टमध्ये मायामी. शेवटच्या फेरीत कार्लसनशी चार रॅपिड डाव २-२ झाले, मग ब्लिट्झचे दोन्ही डाव प्रज्ञानंदने घेतले, म्हणजे शेवटचा रॅपिड धरून सलग तीन विजय. स्पर्धा कार्लसनने जिंकली, हा दुसरा. इथपर्यंत सगळं लहान घड्याळावर, आणि टीका करणारे नेमकं हेच म्हणत होते.

म्हणून माझ्या लेखी २०२३ च्या जानेवारीतला एक डाव फार मोठा आहे आणि त्याची कुणी आठवण काढत नाही. नेदरलँड्समधलं वाइक आन झी, टाटा स्टील स्पर्धा, क्लासिकल, काळ्या मोहऱ्या, समोर डिंग लिरेन, आणि प्रज्ञानंद जिंकला. तीन महिन्यांनी तोच डिंग जगज्जेता झाला. वर्षभराने, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच स्पर्धेत, परत काळ्यांनी, आता जगज्जेता असलेल्या डिंगला त्याने पुन्हा हरवलं, आणि लाइव्ह रेटिंगमध्ये (डावागणिक बदलणाऱ्या क्रमवारीत) काही काळ आनंदच्या पुढे जाऊन भारतात पहिला झाला.

या दोन डावांच्या मधला बाकूचा वर्ल्ड कप, ऑगस्ट २०२३, तुम्हाला आठवत असेलच. तेव्हा जगात दुसरा असलेला नाकामुरा रॅपिड टायब्रेकमध्ये त्याच्याकडून हरला. क्वार्टरफायनलला आपलाच अर्जुन एरिगैसी, तो सामना शेवटच्या ब्लिट्झ डावापर्यंत ताणला आणि ५-४ ने सुटला. सेमीफायनलला कारुआना, दोन्ही क्लासिकल बरोबरीत, पहिले दोन रॅपिड बरोबरीत, मग १० मिनिटांच्या डावांत ३.५-२.५. फायनलचा दुसरा डाव होता २३ ऑगस्टला, ज्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं. घरोघर टीव्हीवर एक आणि मोबाईलवर दुसरं चालू होतं. कार्लसनशी क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, रॅपिडमध्ये कार्लसन जिंकला. टायब्रेकवर टायब्रेक खेळत आलेला १८ वर्षांचा मुलगा शेवटी टायब्रेकमध्येच थकला असं मला तेव्हाही वाटलं होतं. त्यातून टोरांटोच्या कॅन्डिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागा मिळाली, तिथे तो पाचवा आला, आणि स्पर्धा जिंकून गुकेश पुढे जगज्जेता झाला.

पण ज्या डावाची सगळे वाट बघत होते तो २९ मे २०२४ ला आला, नॉर्वेत स्टाव्हांगरला, कार्लसनच्या स्वतःच्या देशात. पांढऱ्या मोहऱ्या, क्लासिकल, प्रत्येकाला दोन तास. कार्लसनने धोका पत्करून राजा मध्येच ठेवला आणि प्रज्ञानंदने त्याची किंमत वसूल केली, ३७ चाली. ना ऑनलाइन, ना घाईचं घड्याळ. दोन फेऱ्यांनी कारुआनालाही क्लासिकलमध्येच हरवलं. त्या रात्री मी एकटाच ओटीवर बसून तो डाव दोनदा मांडला.

पुढचं तुम्ही ताजं बघितलंय म्हणून भरभर सांगतो. २०२५ च्या सुरुवातीला वाइक आन झीमध्ये गुकेश आणि तो दोघंही ८.५ गुणांवर, दोघंही शेवटच्या फेरीत हरलेले, आणि ब्लिट्झ टायब्रेकमध्ये पहिला डाव गमावून प्रज्ञानंदने स्पर्धा जिंकली, आनंदनंतर ती जिंकणारा पहिला भारतीय. त्याच स्पर्धेत आपल्या गोव्याचा लिऑन मेंडोन्साही होता, आदल्या वर्षी चॅलेंजर्स हा खालचा गट जिंकून वर आलेला. मग बुखारेस्ट आणि ताश्कंदच्या स्पर्धा, दोन्ही टायब्रेकमध्ये जिंकल्या. ताश्कंदला टायब्रेकमध्ये समोर एक सिंदारोव होता, हाच तो उझबेक मुलगा जो प्रज्ञानंदपेक्षाही काही दिवसांनी लहान वयात ग्रँडमास्टर झालाय. जुलैत लास वेगासला फ्रीस्टाइलमध्ये, जिथे मागच्या रांगेतली मोहरी सोडत काढून मांडतात आणि पाठांतर उपयोगी पडत नाही, परत कार्लसनवर विजय, परत ३९ चाली.

आता हडफडं. दुसऱ्या फेरीतच टायब्रेकला जावं लागलं होतं, चौथ्या फेरीत दुबोवशी दोन्ही क्लासिकल बरोबरीत सुटले आणि रॅपिडमध्ये दुबोव सरस ठरला. दुबोव २०१८ चा जागतिक रॅपिड विजेता आहे, हे त्या पोराला तेव्हा सांगायला हवं होतं. कप शेवटी नेला तो १९ वर्षांच्या सिंदारोवने, वर्ल्ड कप जिंकणारा सगळ्यात लहान खेळाडू. आणि प्रज्ञानंदला वर्षभरातल्या निकालांच्या जोरावर फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) सर्किटमधून २०२६ च्या कॅन्डिडेट्सची जागा मिळाली.

पुढच्या रविवारी पोरांसमोर स्टाव्हांगरचा डाव मांडला आणि घड्याळं दोन तासांवर लावली. सातवीतला तो मुलगा पांढरी मोहरी घेऊन बसला, म्हणाला, "काका, आज घाई नको."