मक्याच्या पाकातलं रक्त : 'ईव्हिल डेड'ची कुळकथा

ऐंशीच्या सुरुवातीला अमेरिकेत स्वस्तातल्या रक्तबंबाळ पिक्चरांचं पीकच आलं होतं, आणि कारण निव्वळ हिशेबाचं होतं. १९७८ ला 'हॅलोविन' सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास बनला आणि कोटींत कमावून गेला, मग १९८० ला 'फ्रायडे द थर्टीन्थ' साडेपाच लाखांत, आणि 'हॅलोविन'मध्ये जे रक्त फारसं दिसतच नाही ते इथे भरभरून, कारण मेकअपला टॉम सॅव्हिनी. हा माणूस व्हिएतनाममध्ये आर्मीचा फोटोग्राफर होता, खरी प्रेतं बघून आलेला. स्टार नको, सेट नको, एक जंगल आणि पाच-सात पोरंपोरी, झालं काम.

पण मला विचाराल तर ह्यात सगळ्यात भारी गोष्ट 'ईव्हिल डेड'ची. मिशिगनची तीन पोरं, सॅम राइमी (दिग्दर्शक), रॉबर्ट टॅपर्ट (निर्माता) आणि ब्रूस कॅम्पबेल (हिरो). स्टुडिओवाले दारात उभं करणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून १९७८ ला साधारण सोळाशे डॉलरात 'विदिन द वुड्स' नावाचा अर्ध्या तासाचा नमुना काढला आणि तो दाखवत डेंटिस्ट, वकील असल्या लोकांकडून पैसे गोळा केले (दात काढणाऱ्यांनीच ह्यांना दात दिले म्हणायचं).

नोव्हेंबर १९७९ ला टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळ एका पडक्या केबिनमध्ये शूटिंग सुरू झालं. राइमी तेव्हा वीस वर्षांचा. सहा आठवड्यांचं काम लांबतच गेलं, थंडी मरणाची, शेवटी ऊब मिळावी म्हणून केबिनमधलं फर्निचर जाळलं. बरेचसे कलाकार कंटाळून घरी गेले, मग उरलेल्यांनी त्यांचे कपडे घालून हात, पाय, पाठ एवढंच दाखवत सीन उरकले. असल्या बदली माणसांना राइमी 'फेक शेम्प' म्हणायचा. ते भूत जंगलातून सुसाट येतं ना, तो शॉटही जुगाडच, कॅमेरा लाकडी फळीला ठोकला, दोघांनी दोन टोकं धरली आणि पळत सुटले.

रक्त म्हणजे मक्याचा पाक आणि खायचा रंग. चिकट इतकं, की कॅम्पबेलचा शर्ट वाळून कडक झाला आणि पुन्हा घालायला गेला तर चक्क तुटला म्हणतात. एडिटिंगला असिस्टंट होता जोएल कोएन, जो पुढे स्वतः नावाजलेला दिग्दर्शक झाला, आणि नमुना दाखवून पैसे उभे करायची आयडिया त्याने इथूनच उचलली.

१५ ऑक्टोबर १९८१ ला डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरात प्रीमियर झाला, तेव्हा नाव 'बुक ऑफ द डेड' होतं. एजंट आर्विन शपिरोने ते बदलायला लावलं, आणि १९८२ ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला भयकथावाल्या स्टीफन किंगने पिक्चर बघितला आणि पुढे असं कौतुक लिहिलं की तेच पोस्टरवर गेलं.

खरा राडा ब्रिटनमध्ये झाला. तिथे व्हिडिओ कॅसेटला तेव्हा सेन्सॉरच नव्हता, थिएटरात कापलेलं दुकानात सर्रास मिळायचं. १९८३ ला 'ईव्हिल डेड'ची कॅसेट तुफान खपली आणि मग 'व्हिडिओ नॅस्टी' (म्हणजे किळसवाण्या कॅसेट) म्हणून बोंबाबोंब, पोलिसांनी दुकानांतून कॅसेट उचलल्या, ७२ पिक्चरांच्या यादीत हाही, आणि १९८४ ला कॅसेटसाठी वेगळा कायदा आला. कात्री न लावलेला 'ईव्हिल डेड' तिथे पास झाला तो थेट २००१ ला. त्या वर्षी राइमी 'स्पायडर-मॅन' शूट करत होता.