निन्टेन्डोवर 'बाहेरचे' गेम खपत नाहीत?

निन्टेन्डो या गेम कंपनीच्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, फक्त निन्टेन्डोचेच गेम विकले जातात, हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. त्यात अर्धंच तथ्य आहे. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर तिच्याच 'मारिओ कार्ट 8 डिलक्स'च्या 6 कोटींहून जास्त प्रती गेल्या. त्याच्या जवळपास बाहेरच्या कंपनीचा कुठलाच गेम पोहोचत नाही, हे मान्य. पण म्हणून बाकीचे आपटले असं थोडंच?

'मॉन्स्टर हंटर राइज' मार्च 2021 मध्ये आला तो फक्त स्विचवर. पहिल्या काही दिवसांतच तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने 40 लाख प्रती बाजारात पाठवल्याचं जाहीर केलं. त्याआधी, सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलच्या काळात, याच कंपनीचा 'स्ट्रीट फायटर 2' 63 लाखांवर गेला होता. तेव्हाही लोक हेच म्हणत असतील कदाचित!

गैरसमजाचं मूळ आकड्यांच्या मांडणीत आहे. निन्टेन्डो आपल्या गेमचा खप कन्सोलनुसार देते. बाहेरच्या कंपन्या मात्र बहुतेक वेळा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी, स्विच असा सगळा मिळून एकच आकडा सांगतात. त्यातला स्विचचा वाटा दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते शून्य धरलं जातं.

आणि बाहेरचा गेम कन्सोलवाल्या कंपनीलाही मागे टाकू शकतो: सोनीच्या प्लेस्टेशन 2 वर तर सर्वाधिक खपलेला गेम सोनीचा नव्हताच. तो रॉकस्टार या बाहेरच्या कंपनीचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन आंद्रेआस' होता.